लाल दोऱ्याची गासडी

एका माणसाचा हात मी मोडला आहे. दांडक्यानं, भर दुपारी, चार माणसांसमोर. ज्या चुकीसाठी त्याला मार बसला ती त्याची नव्हती, माझी होती, आणि दांडकं उचलताना मला ते पुरतं ठाऊक होतं. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला वाटतं, ह्यूस्टनमधल्या त्या दिवसांबद्दल मी बोलत नाही कारण तेव्हा फार हाल झाले. झाले, पण माझे नाही.

मी इचलकरंजीचा. घरात माग होते. टेक्स्टाइलची पदवी घेतली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एम.एस. करायला ह्यूस्टनला आलो. दुसऱ्या वर्षी विद्यापीठातली असिस्टंटशिप गेली. विद्यार्थ्याच्या व्हिसावर बाहेर काम करायला बंदी होती. करणारे करत, मीही केलं. मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, ज्यानं त्यानं आपला पदार्थ आणायच्या जेवणात, एक काका भेटले, नागपूरचे. तेल कंपनीत मोठे इंजिनियर होते, पण तेलाचे भाव कोसळले तशी त्यांची नोकरी गेली आणि शुगर लँड या उपनगरातलं नवं घर कर्जासकट गळ्यात राहिलं. मग त्यांनी शहराच्या नैऋत्येला पत्र्याचं एक गोदाम भाड्यानं घेऊन कपड्यांचा धंदा काढला. माझं शिक्षण ऐकून म्हणाले, "कापड समजते ना तुला? मग येऊन जा सोमवारी. नीट काम केलं तर ग्रीन कार्डाचा अर्जसुद्धा करून देऊ कंपनीकडून." त्या एका वाक्यावर मी तिथं पाच वर्षं काढली.

धंदा असा होता. अमेरिकेतल्या दुकानांत न खपलेले, फॅशन उलटलेले, लोकांनी दान केलेले कपडे टनावारी यायचे. आम्ही ते निवडायचो, शंभर पाउंडांच्या गासड्या दाबायचो आणि त्या दक्षिणेला जायच्या. मेक्सिकोच्या खाली जे चार-सहा छोटे देश आहेत, ग्वाटेमाला, होंडुरास, अल साल्वादोर, निकाराग्वा, त्यांच्या बाजारांत. नकाशावर तळहात ठेवला तर सगळे झाकले जातील एवढे. पण प्रत्येकाची आवड निराळी. एका ठिकाणी जीन्स हातात घेतली की आधी उलटी करून मागच्या खिशावरची शिलाई बघत. पलीकडच्या देशात ती शिलाई कुणी बघत नसे, तिथं पोरींना खांद्यात गाद्या घातलेले, चमकणारे ब्लाउज हवेत. डोंगरातल्या बाजाराला जाड स्वेटर, किनाऱ्यावरच्या बाजाराला स्वेटर दाखवला तर शिवी. ही सगळी आवड माझ्या डोक्यात पाठ होती. मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकतो.

माल घ्यायला बायका यायच्या. बसनं, दोन-तीन दिवस बसून, कमरेला कापडी पट्टा बांधून. त्या काळात तिकडं सगळीकडं मारामारी चालू होती. सैन्य एका बाजूला, जंगलातले बंडखोर दुसऱ्या बाजूला. बायका साइज सांगता सांगता बाजाराची बातमी सांगत. कुठला रस्ता बंद आहे, कुठल्या गावात चौकातच तीन माणसं टाकलेली होती म्हणून बाजार भरला नाही, कुठं दुकानाला माणसासकट आग लावली. आणि त्याच दमात, "लाल ब्लाउज जास्त घाल, मागल्या खेपेला कमी पडले." पहिल्या महिन्यात मला जेवण जायचं नाही. मग जायला लागलं.

त्यातली एक बाई आमची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. पन्नाशीची, बुटकी, अख्खी गासडी एकटी उचलणारी. तिचा देश कुठला ते लिहीत नाही. ती मला इंजिनियर म्हणायची आणि भेटल्या भेटल्या दंड चिमटीत धरून बघायची. "इंजिनियर, तुमच्या देशात बायकोला पदवी वाढतात का ताटात? आधी अंगावर मांस आण, मग लग्न कर." स्पॅनिश मी तिच्याकडून आणि आमच्या दाबयंत्रावरच्या माणसाकडून शिकलो.

तिचा एकच नियम होता. हिरवं नाही. शेवाळी हिरवं, सैन्याचं. तेव्हा इथल्या मॉलमध्ये लष्करी धाटणीची टूम होती; मांडीवर खिसे असलेल्या जाड हिरव्या पँटी पोरं मिरवायची, आणि टूम ओसरली तशा त्या आमच्याकडं ढिगानं आल्या. बाई म्हणाली, "ही पँट तिकडं घातली तर सैनिक म्हणणार बंडखोर आहे, बंडखोर म्हणणार सैनिक आहे. जो आधी भेटेल तो मारेल. एकसुद्धा नको." तिच्या सांगण्यावरून मीच एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर ते लिहून भिंतीला लावलं. हिरव्या पँटींचं वेगळं पिंप केलं. त्या पुसणी म्हणून कापायला जायच्या.

दाबयंत्रावरचा माणूस तिच्याच देशाचा. चाळिशीचा, कागदपत्रं नसलेला, पळून आलेला. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. ऑगस्टमध्ये पत्र्याखाली तो शर्ट काढून काम करायचा तेव्हा पाठीवर नाण्याएवढे गोल डाग दिसायचे, ओळीनं. मी एकदा विचारलं, हे काय. म्हणाला, "सिगारेटी. माझ्या नव्हेत, मी ओढत नाही." आणि हसला. माझ्या डब्यात डोकावून म्हणायचा, "तू गाय खात नाहीस, माझं काही म्हणणं नाही. तुझ्या वाट्याची मी खातो."

दाबयंत्र तो एकटा चालवायचा. वरून लोखंडी पाट उतरायचा, कपड्यांतून हवा निघताना एखाद्या जनावराच्या छातीवर पाय द्यावा तसा आवाज यायचा. मग पोलादी पट्ट्या, मग पांढरं पोतं, आणि पोत्याचं तोंड शिवून झालं की शेवटी लाल दोऱ्याची गाठ. तीन वेढे, शेपूट आत लपवलेलं. ही त्याची गाठ. या धंद्यात गासडी गिऱ्हाइकासमोर उघडत नाहीत. आत काय आहे ते घेणाऱ्याला दिसत नाही, ते थेट तिकडच्या बाजारातच दिसतं. बाई गासडीवर हात फिरवायची, गाठ बोटानं चाचपायची आणि मान हलवायची. गाठ म्हणजे उस्तादचा शब्द.

सप्टेंबरातला एक शुक्रवार. मंडळाचा गणपती जवळ आला होता आणि एकांकिकेत मला जावयाचं काम होतं. सहाला तालीम. बाई आदल्या दिवशीच बसनं परतली होती; तिच्या आठ गासड्यांपैकी सात ट्रकवर चढल्या होत्या आणि उस्ताद वर चढून त्या दोरखंडानं आवळत होता. आठवी मी भरायला घेतली, लवकर सुटावं म्हणून. काट्यावर नऊ पाउंड कमी भरली. निवडलेला माल संपलेला. नवं पोतं फोडायचं, निवडायचं, म्हणजे तास गेला. काका गेटाकडून ओरडले, "काय करून राहिला बे? ट्रकवाला शिव्या देऊन राहिला!"

पिंप माझ्या पायाशीच होतं. जाड कापडाची पँट वजनाला भारी. पाच पँटी घेतल्या, मधोमध कोंबल्या, वर फ्रॉक टाकले. काटा शंभरावर आला. हात थांबला नाही, हे मुद्दाम लिहितो. मला वाटलं, बाईचं खूळ आहे. पाच पँटी निघाल्या तर फेकून देईल. पाट खाली घेतला, पट्ट्या आवळल्या, शिवण घातली आणि उस्तादचा लाल दोरा घेऊन गाठ मारली. घाईत बोटांनी स्वतःचीच गाठ मारली. मागावर सूत तुटलं की इचलकरंजीत आम्ही ते जोडतो ती, चपटी, दोन्ही टोकं एकाच बाजूला. मला वाटलं, दोरा लाल आहे, पुरे आहे. सहाला तालमीला वेळेवर पोचलो. जावई चांगला वठला म्हणाले सगळे.

डिसेंबरात बाई आली. एकटी. दंड धरून बघितला नाही. निवडायच्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि पोत्याचा फाटका तुकडा टेबलावर ठेवला. पांढरा, वाळलेल्या तपकिरी डागांचा. त्याला लाल दोरा तसाच होता.

काकांना स्पॅनिश येत नसे. म्हणून ती एक वाक्य बोलायची आणि मी त्याचं मराठी करायचो. मीच.

ती म्हणाली, सप्टेंबरातल्या मालातली एक गासडी तिनं न उघडता शेजारच्या देशातल्या एका बाजारासाठी विकली. पोचवायला तिचा धाकटा भाऊ गेला. बसच्या टपावर गासडी, आत भाऊ. सीमेच्या अलीकडं सैनिकांनी बस थांबवली. संगिनीनं गासडी फाडली. फ्रॉक उडाले, रस्ताभर झाले. मग पँटी निघाल्या.

मी हे मराठीत सांगितलं.

ती म्हणाली, त्यांनी विचारलं कुणाला पुरवतोस. तो म्हणाला, माझ्या बहिणीचा कपड्यांचा धंदा आहे. त्यांनी त्याला रस्त्यावर उघडा केला आणि त्यातली एक पँट घालायला लावली. मग बंदुकीच्या दस्त्यानं आधी गुडघे फोडले. बसमधल्यांना खाली उतरवून बघायला उभं केलं होतं. दात तोडले. ते तो हातात घेऊन होता, म्हणाली, फेकले नाहीत त्यानं. शेवटी डोक्यात गोळी. बस सोडून दिली. तिसऱ्या दिवशी तिला तो मिळाला, तोवर कुत्री लागली होती. पँट अंगावरच होती.

हेही मी मराठीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही. माझा आवाजही स्थिर होता.

काका पांढरे पडले. "विचार तिला, नक्की आपली गासडी?" मी विचारलं. तिनं लाल दोऱ्यावर बोट ठेवलं. "याचा दोरा." काकांनी हाक मारली, "उस्ताद!"

तो हात पुसत आला. तिनं त्याला सगळं पुन्हा सांगितलं. ऐकताना त्याच्या मानेवरच्या शिरा वर आल्या. मग त्यानं दोरा उचलला, उजेडाला धरला, गाठ नखानं उलटीपालटी केली.

"दोरा माझा आहे," तो म्हणाला. "गाठ माझी नाही. मी तेव्हा ट्रकवर होतो." आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वाट बघत.

काका म्हणाले, "काय म्हणून राहिला तो?"

एवढंच करायचं होतं मला. तो जे म्हणाला ते मराठीत सांगायचं होतं, बस. दोन वाक्यं. मला माझा व्हिसा दिसला, ग्रीन कार्डाचा अर्ज दिसला, इचलकरंजीत सगळ्यांना पत्र वाचून दाखवणारे वडील दिसले. मी काकांना म्हणालो, "म्हणतो, चुकून गेल्या असतील."

काकांनी त्याला मुस्काटात मारली. तेल कंपनीत तीस लोकांचा साहेब असलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. आधी उजव्या हातानं मारली, मग डाव्या. उस्तादला कळलं, मी काहीतरी भलतंच सांगितलंय. तो बाईकडं वळून ओरडला, "सेन्योरा, हा खोटं सांगतोय! गाठ यानं मारली! विचारा याला, तुमच्या तोंडानं विचारा!"

तिनं विचारलं. "इंजिनियर, तू बांधलीस का?"

मी तिच्या भाषेत, स्वच्छ उच्चारात म्हणालो, "नाही. हा खोटं बोलतोय. दाबयंत्राला याच्याशिवाय कुणी हात लावत नाही."

तो माझ्यावर धावून आला. माझी कॉलर धरून त्यानं मला टेबलावर रेटलं, त्याचं कपाळ माझ्या तोंडावर आदळलं, ओठ फाटला. माझा हात मागं गेला. कपडे दाबयंत्रात कोंबायचं दांडकं तिथं टेकवलेलं असायचं, ओकचं, मनगटाएवढं. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला आणि त्यानं मला सोडलं. तिथं थांबता आलं असतं. त्यानं तोंडासमोर हात धरला, उजवा, गाठ मारायचा. दुसरा फटका मी त्या हातावर मारला. काटकी मोडल्यासारखा बारीक आवाज झाला, आणि मी पुन्हा त्याच जागी मारलं. मला त्याचा चेहरा दिसेनासा करायचा होता. त्यानं बघायचं थांबवायला हवं होतं.

मग ट्रकवरचे दोघं हमाल आले आणि त्यांनी त्याला लाथांनी तुडवलं. त्यांना कारणही ठाऊक नव्हतं. मालक मारतोय म्हणजे मारायचं. फरशीवर त्याच्या तोंडातून रक्त आणि लाळ आली ती फ्रॉकच्या ढिगात गेली. तो ओरडत नव्हता. त्याच्या पाठीवर ते गोल डाग होते, शर्ट वर सरकलेला, आणि त्यांच्यावर बूट पडत होते. मार कसा खायचा हे त्याला येत होतं: गुडघे पोटाशी, डोकं आत. ते बघून मला कळलं की हे त्याच्यासाठी पहिल्यांदा नाही. बाईच म्हणाली, "पुरे." ती त्याच्या जवळ गेली, त्याच्यावर थुंकली, आणि मग तिथंच खाली बसून तोंडात पदरासारखा स्कार्फ कोंबून रडली.

काकांनी मला सांगायला लावलं, "सांग त्याला, पोलिसांत गेला तर इमिग्रेशनला फोन करीन." ते भाषांतर मी अचूक केलं. तो उठला. हात मनगटापासून भलतीकडं वळलेला. दुसऱ्या हातानं तो छातीशी धरून, मोठ्या दारातून उन्हात निघून गेला. दवाखान्यात तो जाऊ शकत नव्हता. तिथं नाव, पत्ता, कागद मागतात.

काका मला गाडीतून त्यांच्या घरी घेऊन निघाले. तोंडाला बर्फ लावून बसलो होतो. सिग्नलला म्हणाले, "त्या दिवशी गेटाशी मी उभा होतो. तू आठवी भरताना पाहिलं होतं मी."

मी बर्फ ओठावर आणखी दाबला.

"बाई वर्षाला पन्नास गासड्या नेते. तुझ्यावर भरवसा आहे तिचा. उस्ताद काय, दुसरा भेटेल." मग गाडी सुरू करत म्हणाले, "काकूला म्हण, पडलो. जेवून जा आता घरून."

जेवलो. भरली वांगी होती. ओठ झोंबत होता, तरी दोनदा वाढून घेतलं.

आठवड्याभरानं एका हमालानं बातमी आणली की मोडक्या हाताचा एक माणूस बस स्टँडवर इमिग्रेशनवाल्यांनी धरला आणि परत पाठवला. कुठं, तर ज्यांनी पाठीवर सिगारेटी विझवल्या त्यांच्याकडंच. तो उस्तादच होता का, हे मी शोधलं नाही. शोधता आलं असतं. चर्चमध्ये अशा लोकांची यादी ठेवणारे, वकील देणारे लोक होते, आमच्याच रस्त्यावर. मी त्या चर्चपुढून रोज जायचो. त्याची गाठ मी शिकलो, तीन वेढे, शेपूट आत. दाबयंत्र मीच चालवायला लागलो.

बाई त्यानंतर दोन वर्षं येत राहिली. माझे दंड पुन्हा बघायला लागली. एकदा तिनं माझ्यासाठी तिकडची भाजलेली कॉफी आणली, कापडात बांधून, आणि म्हणाली, "त्या दिवशी तू होतास म्हणून. नाहीतर त्या माणसाकडून मी माल घेत राहिले असते." मी ग्रासियास, आभारी आहे, म्हणालो. कॉफी प्यायलो. त्यानंतरच्या वर्षी ती आली नाही. दुसऱ्या बायकांना विचारलं तर एकीनं खांदे उडवले, दुसरीनं हातानं गळ्यावर रेघ ओढली आणि मग म्हणाली, नक्की माहीत नाही, कदाचित मेक्सिकोत गेली असेल.

ग्रीन कार्ड मला मिळालं. त्याच्या अर्जात काकांनी लिहिलं होतं की या कामाला लागणारं कौशल्य दुसऱ्या कुणाकडं नाही. आता मी एका कारखान्यात सेफ्टी बघतो. माणसांचे हात यंत्रात जाऊ नयेत हे माझं काम. घरी कुणावर हात उचललेला नाही. पण मुलगी बारा वर्षांची असताना शाळेतली काहीतरी खोडी दुसऱ्या मुलीवर ढकलली तिनं, आणि मी तिला असं हलवलं की ती म्हणाली, "डॅड, यू आर हर्टिंग मी." बायको मध्ये पडली. दोघींनाही वाटलं, याला खोटेपणाची फार चीड आहे.

गेल्या वर्षी काका गेले. स्मशानगृहात मी बोलायला उभा राहिलो, चांगलं बोललो. माझ्या आसपास हे ठाऊक असलेला तोच एक माणूस होता, आणि पेटीचं झाकण लावताना मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची भीती वाटली म्हणून हे लिहिलं.

त्या बाईचं गाव मला माहीत आहे. पावत्यांवर मीच लिहायचो. लढाया केव्हाच थांबल्या, ह्यूस्टनहून विमान तीन तासांत जातं. तिला, किंवा ती नसेल तर तिच्या घरात जो कुणी असेल त्याला, तो भाऊ माझ्या हातानं भरलेल्या गासडीमुळं मेला हे सांगणं माझ्याकडं बाकी आहे. उस्ताद जिवंत आहे का हे शोधणं बाकी आहे. असेल, तर तू खरं बोलत होतास असं त्याच्यासमोर, त्याच्या भाषेत, साक्षीदारांदेखत म्हणणं बाकी आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.